तेहतीस नंबर

फॉर्मवर छापलं होतं : स्वेच्छेने.
आणि फॉर्म घेऊन उभे होते इंगवले सुपरवायझर,
काखेत हजेरीचं रजिस्टर.
"करा रं सह्या पटापटा,
पाळी लागायच्या आत एकशे दहा पायजेत.
सही करील त्याला स्टीलचा डबा."
शिरोलीच्या फौंड्रीत, सकाळी पावणेसातला,
स्वेच्छा मला पहिल्यांदा दिसली.
तीन कप्प्यांची होती, झाकणाला क्लिप.

एकोणीस वर्षं मी फेटलिंगला.
ओतीव लोखंडाची कड ग्राइंडरला धरायची,
ठिणग्या पुढं, वाळूची पूड नाकात.
पाळी सुटताना गुळाचा खडा मिळतो.
म्हणतात, गुळानं धूळ छातीत बसत न्हाई.
गूळ खरा असतो, आपल्याकडचाच.
बाकीचं कुणी मोजलं नव्हतं.

मोजायला आल्या मुजावर मॅडम,
स्कूटीवरून, पायापाशी निळी पेटी.
सह्यांचा गठ्ठा चाळला.
एकशे दहा सह्या, शाई एकच.
म्हणाल्या, "ह्या चालणार नाहीत."
इंगवले हसले.
त्यांचं हसून व्हायची वाट बघितली बाईंनी.
"डबे द्यायचे तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको.
आणि तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर थांबा.
हे शब्द त्या दिशेनं जाताना
मी कधी ऐकले नव्हते.

पुढच्या रविवारी कंपनीत नाही,
गावातल्या मंडळाच्या खोलीत बोलावलं.
कोपऱ्यात कॅरम, वर गेल्या गणपतीची झिरमिळी.
एकेकालाच आत.
बाईंनी सगळा फॉर्म वाचून दाखवला,
मला वाचता येतं हे सांगितल्यावरसुद्धा.
मधेच नकोसं झालं तर उठून जायचं,
कारण द्यायचं नाही,
पगाराला, पाळीला हात लागला तर फोन कुणाला करायचा.
मी विचारलं, "आणि न्हाई म्हटलं तर?"
"तर नाही."
"म्हंजे?"
"म्हणजे नाही. चहा घेऊन जा."

माझं न्हाई
आजवर कुणी असं घेतलं नव्हतं,
ना परत ढकललं, ना त्याचा भाव केला,
नुसतं टेबलावर ठेवून दिलं, चष्म्याच्या शेजारी.
म्हणून मी हो म्हटलं.

नळी तोंडात धरली, फुंकली.
सहा सेकंद लई मोठे असतात.
मला तेहतीस नंबर मिळाला.
नावं एका वहीत, नंबर दुसऱ्या,
पहिली वही कुलपात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये.
तेवीस जण नुसता चहा पिऊन गेले.
त्यांचंही कुठं काही अडलं नाही.

ऑफिसनं यादी मागितली.
कुणाची छाती कशी, आम्हाला कळायला नको?
बाईंनी पत्र लिहिलं : नावं देता येत नाहीत.
पुन्हा मागितली, पुन्हा तेच पत्र,
तिसऱ्यांदा फक्त तारीख बदललेली.
हे आम्हाला झेरॉक्सवाल्या पोरानं सांगितलं.

पण नंबराला लपवता येतं,
खोकल्याला नाव असतं.
आण्णाप्पा मगदूम. दोन वर्षं राहिलीत त्याची.
बाईंनी त्याला एकट्याला बसवून काय सांगितलं
ते त्यानं कुणाला सांगितलं नाही,
फक्त बिडी सुटली, आणि गूळ तो आता
दुसऱ्याच्या हातावर ठेवतो.
मशिनी थांबल्या की शेडभर
त्याचा खोकला एकटा उरतो.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत
एक ग्राइंडर चालूच असतो.
चाकावर काही नसतं. नुसता फिरतो.
आज माझा, उद्या चव्हाणांच्या संभाचा,
इंगवले राउंडला येऊन जाईपर्यंत.
कुणी ठरवलं नाही, कुठं सही नाही.

बरोबर करतोय का चूक,
त्या आवाजात विचारता येत नाही.
आण्णाप्पा भाकरी मोडतो,
तोंडावर पालथा हात धरतो,
आणि आम्ही सगळे
चाकाकडं बघत जेवतो.